माग थांबले की मी खाली बसायचे

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. मला माझा आजार आवडायचा. सगळा नाही. जीभ चावली जायची ते नाही, शुद्धीवर आल्यावर साडी ओली लागायची ते तर नाहीच. पण झटक्याच्या आधी जे अर्धं मिनिट यायचं, ते इतकं आवडायचं की त्यासाठी मी गोळ्या चोरल्या आणि एकदा माझ्या पोरीला खाडीच्या भरतीत उभं केलं. बरे झालेले लोक आपण कसे धीराने लढलो ते लिहितात. मी धीराची नव्हते. मी चोरटी होते.

गेल्या महिन्यात गुडघे दाखवायला दवाखान्यात गेले होते. शेजारी एक नवं लग्न झालेली मुलगी बसली होती. गोळ्यांची पट्टी रुमालात गुंडाळून मुठीत धरलेली, जसा चोरीचा माल. मला पट्टी ओळखता आली. विचारलं, "फिट येते का गं?" ती दचकली, इकडेतिकडे बघितलं, आणि आजीबाई आहे, कुणाला सांगणार, असं वाटलं असेल, हळूच म्हणाली, "आजी, गोळी नाही घेतली ना, तर यायच्या आधी थोडा वेळ फार छान वाटतं." एवढ्यात तिचं नाव पुकारलं आणि ती आत गेली. मला जे बोलायचं होतं ते तोंडातच राहिलं. ते आता लिहिते आहे.

लाइट गई कहाँ थी

भिवंडीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि मागच्या भिंतीला लागून जुबेदा चाचीच्या घरचे बारा माग. खट्‌खट, खट्‌खट, दिवसपाळी आणि रातपाळी. मी अंजूरची, खाडीकाठच्या गावातली. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, डोकं फुटणार. आठ दिवसांनी आवाज ऐकू येईनासाच झाला. भिवंडीत असंच होतं. हंड्यातलं पाणी थरथरत असतं आणि माणसं म्हणतात, आज कसं शांत आहे.

आवाज कळायचा तो थांबल्यावर. लाईट गेली की आमच्या मागचे माग थांबायचे, पलीकडच्या गल्लीतले थांबायचे, त्याच्या पलीकडचे थांबायचे, आणि अख्खं गाव श्वास धरून बसल्यासारखं व्हायचं. मग कुठेतरी एखादं पोर रडायला लागायचं, कुणीतरी हिंदीत शिवी घालायचं, आणि कळायचं की आपल्याला कान आहेत.

मी चाचीच्या शेडमध्ये कांड्या भरायचे. कांडी म्हणजे वीतभर लाकडी नळी, बुडाशी पोकळ. तिच्यावर मशीनवर सूत भरायचं, भरलेली कांडी धोट्यात बसते आणि धोटा मागावर इकडून तिकडे पळतो. बायकांचं काम. मी बावीस वर्षांची होते, माझी संगी दीड वर्षाची, आणि मला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. त्या वयात ती सगळ्यांनाच असते, पण माझी जरा जास्तच होती.

एका सकाळी माग थांबले. मला वाटलं, गेली लाईट. हात सैल सोडला. त्या शांततेत आधी वास आला, खाडीच्या चिखलाचा आणि चुलीत भाजलेल्या बोंबलाचा. पोटातून काहीतरी अलगद वर चढलं, झोका वर जाताना चढतं तसं. आणि माझ्या मागून आई म्हणाली, "सुमे, इकडं ये, तुला एक सांगायचंय."

माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली होती. तिचा आवाज कसा होता ते मी विसरले होते, आणि विसरले होते हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मी वळले.

डोळे उघडले तेव्हा माझं डोकं जुबेदा चाचीच्या मांडीवर होतं. तोंडात रक्ताची चव. माग धडाधडा चालू होते.

"चाची, लाईट कधी आली?"

"लाइट गई कहाँ थी, पगली," चाची म्हणाली आणि तिच्या ओढणीने माझं तोंड पुसलं.

सोडलेलं परत येत न्हाय

दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं. फेफरं, आकडी, मिरगी, ज्याला जो शब्द येत होता तो त्याने दिला. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. गल्लीतल्या एका बाईने तर ओटी आणली. माझ्या अंगात येतं असं तिचं म्हणणं.

माझ्या सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. जवळच्याच वडपे गावची बाई, आवाज खणखणीत, डोळे बारीक. त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आमच्यात कुनाच्या अंगात येत न्हाय," म्हणाल्या. "आमच्या मालकांनी धर्म बदलला तवा सगळे देव गोणीत भरून खाडीत सोडले. सोडलेलं परत येत न्हाय. ही दवाखान्याची गोष्ट हाय."

त्या एका वाक्याने माझी किती वर्षं वाचली ते तेव्हा कळलं नाही. तेव्हा मला उलट वाईट वाटलं. अंगात येणारी बाई झाले असते तर लोक पाया पडले असते. नुसतीच पेशंट झाले.

गावातल्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. मी कांडी मशीनवर डुलक्या घ्यायला लागले. झटके कमी झाले, पण गेले नाहीत. आणि मुख्य गोंधळ वेगळाच होता. माग थांबले की मला कळायचं नाही, लाईट गेली की मला झटका येतोय. पडण्याआधी खाली बसावं, एवढं शहाणपण आलं होतं. त्यामुळे लाईट जाईल तिथे मी बसायचे. एकदा भाजी बाजारात दुपारी लाईट गेली आणि मी तोंडल्यांच्या ढिगावर बसले. दोन मिनिटांनी उठले, ठणठणीत. भाजीवाली म्हणाली, "बाई, दमली असशील तर सांग, पाट देते. भाजीवर कशाला बसतेस?"

संगीचे बाबा नगरपालिकेच्या पाणीखात्यात होते, रस्त्यावरचे व्हॉल्व्ह फिरवायचे. बोलणं कमी, हात चालू. त्यांनी एका रविवारी कांडी मशीनच्या वर एक लहान लाल दिवा लावला, तसाच एक घरी चुलीच्या वर. "सुमन, माग थांबले की आधी वर बघायचं," म्हणाले. "दिवा विझला असेल तर लाईट गेली, काम कर. दिवा जळतोय आणि माग गप्प, तर असशील तिथे बस. पोर कडेवर असेल तर आधी पोर खाली."

या शोधाला कुणी बक्षीस दिलं नाही. पण मी त्यावर कितीतरी महिने काढले.

फोटोला जायचं म्हणून

मग गावातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. मुंबईत डोक्याच्या आतला फोटो काढतात, कवटी न उघडता, तो काढून या. नवीन मशीन आहे म्हणाले.

फोटो म्हटल्यावर त्या बावीस वर्षांच्या शहाणीने काय केलं असेल? लग्नातला शालू नेसली. काजळ घातलं. अंबाडा घालून त्यात ओळीने आकडे खोचले, वर गजरा. कापडाचे तागे घेऊन मुंबईला जाणाऱ्या टेम्पोत पुढे आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो, हे, आत्याबाई आणि मधे मी, नवरीसारखी. ड्रायव्हरने विचारलं, "किसकी शादी में?" आत्याबाई म्हणाल्या, "हिच्या टाळक्याच्या."

मशीनवाल्या बाईने मला बघितलं आणि पहिलं काम काय केलं, तर अंबाडा सोडला. एकेक आकडा काढून ट्रेमध्ये टाकला. ट्रे भरला. कानातलं, गळ्यातलं, सगळं आत्याबाईंच्या ओंजळीत. गजरासुद्धा गेला. मोठ्या जात्याच्या पाळीसारखी ती गोल मशीन, मधे भोक, आणि भोकात माझं उघडंबोडकं डोकं.

खरी भीती दुसरीच होती. फोटो आतला होता. आत आई होती. मला वाटलं, मला झटका आवडतो हे ह्या लोकांना दिसणार, आणि ते संगीच्या बाबांना सांगणार. म्हणून मशीन फिरायला लागल्यावर मी काही म्हणजे काही मनात येऊ दिलं नाही. एकोणीसचा पाढा म्हणत राहिले. एकोणीस सत्ते विसरले आणि घाबरले, की आता हेही फोटोत येणार.

मोठे डॉक्टर म्हातारे होते, मऊ बोलायचे. त्यांनी ती काळी फिल्म उजेडावर धरली. अक्रोडाच्या फोडीसारखं काहीतरी, राखाडी, आणि कानाच्या वरच्या अंगाला मसुरीएवढी पांढरी कडी. "हे बघा," म्हणाले. "काही वर्षांपूर्वी आला असतात तर आम्ही अंदाजाने गोळ्या देत बसलो असतो. आता निदान शत्रू कुठे बसलाय ते कळलं." पोटात गेलेल्या एका किड्याचं अंडं रक्तातून तिथे पोचलं होतं आणि तिथेच सुकत चाललं होतं. बऱ्याचदा न धुतलेल्या कच्च्या भाजीतून येतं, असं ते म्हणाले.

आत्याबाई खुर्चीवरून उठल्या. "डाक्टर, माझ्या घरात कोथमीर तीन पान्यांनी धुतली जाते."

"असेल हो, आजी. बाहेरही खाल्लं असेल."

"बाहेर खाल्लं आसंल," आत्याबाईंनी माझ्याकडे बघून निकाल दिला आणि बसल्या. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी लसूणसुद्धा धुतला.

दोघं औषधं आणायला गेले तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं. कसं विचारलं, आज आठवलं तरी कान गरम होतात. म्हटलं, "ह्यात माझी आई कुठेय?"

ते हसले नाहीत. मी सगळं सांगितलं, वास, शांतता, हाक. त्यांनी पेनाने त्या कडीभोवती हवेतच एक गोल काढला. "इथे आवाज ठेवलेले असतात आणि जुन्या आठवणी," म्हणाले. "ही कडी त्यांना घासते. आई तुमचीच आहे, खोटी नाही. पण तिला हाक मारायला ही कडी लावते. आणि ही कडी तुम्हाला एक दिवस आगीत नाहीतर पाण्यात पाडेल."

मी मान हलवली. मनात म्हटलं, म्हणजे आई खरी आहे. बाकीचं मी ऐकलंच नाही.

कांडीत काय असतं

किड्यावरची गोळी झाली, महिनाभर. डोकं ठणकायचं, तेव्हा आत्याबाई कपाळावर ओली घडी ठेवून बसायच्या आणि बाहेरच्या खाण्याचा उद्धार करायच्या. झटक्यांसाठी नवी गोळी आली. तिच्याने माझ्या हिरड्या सुजल्या. आत्याबाई म्हणाल्या, "दात बुडाले की गो तुझे, आता हसू नको." पण झटके थांबले. माग थांबायचे तेव्हा दिवा विझलेला असायचा. दर वेळी. वास नाही, झोका नाही, हाक नाही.

सगळे खूष होते. मी नव्हते. तेरा वर्षांनी सापडलेली आई मी हिरड्या सुजवून हाकलून दिली होती. आणि तिला काहीतरी सांगायचं होतं. "तुला एक सांगायचंय" म्हणायची आणि तिथेच मी पडायचे. ते एक काय? त्या शहाणीला वाटलं, अजून एकदा, फक्त एकदा, पूर्ण वाक्य ऐकायचं आणि मग आयुष्यभर गोळ्या खायच्या.

सकाळी हे हातावर गोळी ठेवायचे, मी तोंडात टाकायचे, जिभेखाली धरायचे. ते कामावर गेले की गोळी बाहेर. फेकवली नाही, पैशाची वस्तू. एक जुनी कांडी होती, तिच्या बुडाच्या पोकळीत टाकायचे आणि वरून सुताचा बोळा. फळीवर अशा पाच-सहा जुन्या कांड्या पडलेल्या असायच्या, संगी त्यांच्याशी खेळायची. त्यांतली ही एक. आठवड्यातून दोन गोळ्या, मग तीन, मग जवळजवळ सगळ्याच.

भिवंडीत काहीच झालं नाही. आई आली नाही. मग दादाच्या मुलीचं बारसं आलं.

अंजूरला

निघताना ह्यांनी विचारलं, "गोळ्या नीट चालू आहेत ना?"

"चालू आहेत," मी म्हटलं.

संगी तेव्हा चार वर्षांची होती. दुपारी जेवणं झाल्यावर तिला खाडीवर घेऊन गेले. ओहोटी लागून गेली होती, चिखल उघडा पडलेला, उन्हात चांदीसारखा. त्यावर निवट्या, चिखलातले ते मासे, उड्या मारत होत्या, संगीला हसू आवरेना. मी तिचा हात धरून काठावर उभी. वारा नव्हता. तिवरांचं पान हलत नव्हतं. कुठे कसला आवाज नाही. मला वाटलं, माझं लहानपण किती शांत होतं.

मूर्ख बाई. भिवंडीत शांतता आली की मला कळायचं, कारण तिथे थांबायला बारा माग होते. अंजूरला थांबायला काही नव्हतंच. वर बघायला लाल दिवा नव्हता. वास आला तो खाडीचाच होता, तिथे तो रोजच येतो. मी अर्ध्या वाटेवर पोचले होते आणि मला पत्ता नव्हता.

"सुमे, इकडं ये, तुला एक सांगायचंय."

आवाज पाण्याकडून आला. मी गेले.

पुढचं मला माहीत नाही. वहिनीने सांगितलं ते लिहिते. ती आम्हाला शोधत आली तेव्हा मी चिखलात पालथी पडले होते आणि भरती चढत होती. संगीच्या गुडघ्याला पाणी लागलं होतं. ती माझ्या खांद्याला एक पाय टेकवून, माझी वेणी दोन्ही हातांना गुंडाळून, विहिरीतून कळशी ओढावी तशी मागे झुकली होती. तेवढ्याने माझं तोंड पाण्याच्या वर राहिलं होतं. ती रडत नव्हती. वहिनीला म्हणाली, "मामी, आई जड आहे."

संगीचे हात वहिनीला सोडवावे लागले. सोडायलाच तयार नव्हती.

खुळखुळा

ह्यांना वहिनीने सगळं सांगितलं, लपवायला ती काही माझ्यासारखी नव्हती. त्या दिवसापासून संगीचं अंथरूण आत्याबाईंच्या बाजूला गेलं. बालवाडीत आत्याबाई सोडायच्या, अंघोळ आत्याबाई घालायच्या. संगी माझ्याजवळ आली की कुणीतरी कारण काढून त्याच खोलीत येऊन बसायचं. माझ्या पोरीचा हात माझ्या हातात द्यायला घर घाबरायला लागलं होतं, आणि घराचं बरोबर होतं.

सगळ्यांना वाटलं, गोळी लागू पडत नाही. पुढच्या आठवड्यात मुंबईला जाऊन आणखी जालीम गोळी आणायची ठरलं. तरी मी तोंड उघडलं नाही. आता कबूल केलं तर पोरगी कायमची गेली, असा माझा हिशेब. आणि हेही लिहूनच टाकते, त्या आठवड्यातही मी एक गोळी कांडीत टाकली.

एका दुपारी आत्याबाई तांदूळ निवडत होत्या, संगी समोर खेळत होती. तिने कांडी हलवली. खुळखुळ वाजली. तिला गंमत वाटली, कानाशी धरून आणखी हलवली. आत्याबाईंचा हात सुपावर थांबला.

"आण बघू, बाय, तो खुळखुळा."

केसातल्या आकड्याने बोळा ओढला आणि गोळ्या त्यांच्या सुपात, तांदळावर, सांडल्या.

"संगे, जा, चाचीकडं जाऊन ये." पोर गेलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दार लोट."

मी दार लोटलं. मला वाटलं, आता थोबाडीत, आणि मग अंजूर.

"मराया जातेस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग काय करायला जातेस?"

मी सांगितलं. ह्यांनाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. आई, बोंबलाचा वास, अर्धं राहिलेलं वाक्य. आत्याबाई तांदळातून गोळ्या वेचत होत्या, खडे वेचतात तशा. भिंतीपलीकडे माग चालले होते.

"तुझ्या आयशीला काय सांगायचं ऱ्हायलंय, ते मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"तुम्ही तिला कधी बघितलं पण नाही, आत्याबाई."

"बघायला कशाला पायजे? आई हाय ना ती? लेक चिखलात तोंड घालून पडलेली, नात पान्यात उभी, हे तिनं वरून बघितलं आसंल तर काय बोलंल? 'गोळी खा, भवाने.' आजून काय बोलंल?"

मला हसू आलं आणि त्याच्याच मागून रडू आलं, दोन्ही एकदम, सुजलेल्या हिरड्यांसकट.

त्या उठल्या, पाण्याचा तांब्या आणला. मग कपाटाच्या मागे हात घातला आणि एक पुडी काढली. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. ह्यांनी आणून दिलेल्या, एकही खाल्लेली नाही.

"मला बी आवडत न्हाय," म्हणाल्या. "चव कडू लागती. तू गिळ, मी गिळते. त्याला सांगायचं न्हाय."

त्या दिवसापासून रोज सकाळी, ह्यांच्या पाठीमागे, आम्ही दोघी समोरासमोर बसून गोळी गिळायचो आणि जीभ बाहेर काढून एकमेकींना दाखवायचो. दोन गुन्हेगार. जालीम गोळी आणायला मुंबईला गेलोच नाही, सूनबाईचं आता बरं आहे, असं त्यांनी मुलाला सांगून टाकलं. पण माझ्यासाठी अट होती. आधी सहा महिने झटका नाही, मग पोरगी.

सहा महिने झाले त्या सकाळी त्यांनी संगीची वेणी घातली, दप्तर अडकवलं आणि तिचा हात माझ्या हातात दिला. बालवाडीपर्यंत पाच मिनिटांचा रस्ता होता. आम्ही फार हळू गेलो.

खट्‌खट

मग वर्षं गेली. हिरड्यांची गोळी जाऊन तिसरी गोळी आली, ती सोसली. हिरड्या उतरल्या, आत्याबाईंनी हसायची परवानगी दिली. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या उशाखाली रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी होती, वेळच्या वेळी फोडलेली. मी उलटून बघितली. माझा विश्वास नव्हता.

नव्वदीच्या दशकात मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढायला सांगितला, वेगळ्या मशीनवर. ह्या वेळी मी सुती साडी, सुटे केस. ती मशीन म्हणजे लांब बोगदा. तिथल्या मुलाने सांगितलं, "मावशी, आत फार आवाज होतो, लोक घाबरतात. घाबरलात तर हे बटण दाबा."

मी आत गेले आणि सुरू झालं. खट्‌खट, खट्‌खट, खट्‌खट.

मला झोप लागली. ढाराढूर. बाहेर काढलं तेव्हा तो मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता. "इथे आजवर कुणी घोरलं नव्हतं," म्हणाला. मी म्हटलं, "बाळा, मी भिवंडीची."

त्या झोपेत आई आली नाही. फोटोत ती मसूर खसखशीएवढी झाली होती, एक पांढरा ठिपका. डॉक्टर आणखी म्हातारे झाले होते. म्हणाले, "इतकी वर्षं झटका नाही. हळूहळू गोळी कमी करून बघू. करायची?"

आणि मी, जिने गोळ्या कांडीत लपवल्या, ती घाबरले. नको म्हणावंसं वाटलं. गोळी गेली आणि ती अर्धी हाक परत आली तर? ह्या वेळी वाक्य पूर्ण ऐकायचा मोह झाला तर? घरी आल्यावर संगीला विचारलं. ती दहावीला होती. तिला अंजूरचं काही आठवत नाही, असं ती म्हणायची. म्हणाली, "करून बघ. मी आहे ना."

कित्येक महिन्यांत पाव-पाव करत गोळी संपली. शेवटचा तुकडा गिळला आणि कुणी समोर नसताना जीभ बाहेर काढून दाखवली.

त्यानंतर आठवडा झाला असेल. दुपारचे चार. संगी पुस्तक घेऊन चुलीजवळ पाटावर, मी तिच्याशेजारी लसूण धुऊन सोलत बसलेली. आणि माग थांबले.

वर बघितलं. दिवा विझलेला. जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात आठवलं, तो दिवा एप्रिलमधल्या जयंतीपासून उडालेला होता. इतकी वर्षं त्याची गरजच पडली नव्हती, म्हणून कुणी बदलला नव्हता.

हातातला लसूण खाली ठेवला. वासाची वाट बघितली. पोटात झोका चढतो का बघितलं. मागे वळू नये म्हणून चुलीकडे नजर लावून बसले. दुपार पिवळी, जड, पाण्याखाली असावी तशी. माझ्या मागे कुणीतरी आहे असं वाटलं. बोलणार आहे असं वाटलं.

"संगे," मी म्हटलं, "लाईट गेली का?"

पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग माझ्या मानेवर तिचा हात आला, माझी वेणी उचलली गेली, आणि तिने ती एकदा, दोनदा, आपल्या मुठीला गुंडाळली.

"गेली, आई," ती म्हणाली. "अख्ख्या भिवंडीची गेली."

गल्लीत कुणीतरी हिंदीत शिवी घातली. कुठेतरी एक पोर रडायला लागलं. लाईट तासाभराने आली, माग सुरू झाले, हंड्यातलं पाणी थरथरायला लागलं. तोपर्यंत तिने वेणी सोडली नव्हती.